रे सीझरची चित्रं तैलरंगात नाहीत

'बाहुलीचा चेहरा घेतला, वर रक्त शिंपडलं की झालं' असं मत कुणी मांडतं, ते नकलाकारांना लागू पडतं, बाहुलीसारख्या मुलींची भीषण डिजिटल चित्रं करणाऱ्या रे सीझरला नाही. आणि त्याच्या कामाला कुणी तैलचित्रं म्हणतं, तीही चूक. तो माया या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये मुलीचं मॉडेल उभं करतो, आत न दिसणारा सांगाडा बसवून तिला पोझ देतो आणि वरून फोटोंपासून बनवलेली त्वचा, कापड गुंडाळतो. टोरांटोच्या बालरुग्णालयात कला-छायाचित्रण विभागात त्याने 1980 ते 1996 काम केलं. भीषणता तिथून आलेली आहे. मोबाइलवर नुसती लेसच दिसते. झूम करून फ्रॉकच्या घेराखाली बघा, पायांऐवजी कधी किड्याचे पाय, कधी ऑक्टोपसचे बाहू सापडतात.