अनुभव धागा: घरचं आजारपण, आपली नोकरी आणि अनुदान

अबोली
शेजारच्या आजींना आज हयातीच्या दाखल्यासाठी रिक्षात बसवून दिलं आणि सासूबाईंच्या वेळचं सगळं वर आलं. पक्षाघातानंतर त्या अंथरुणावर, मी कंपनीत पहिल्या पाळीला. श्रावणबाळचा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी पेन्शनचा अर्ज करायचा तर कुटुंबाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं. वर्षाचं! म्हणजे महिन्याला साडेसतराशे. तलाठीभाऊ म्हणाले, "वहिनी, तुम्ही कामाला जाता, दाखला कसा देऊ?" कामाला जाते म्हणून त्यांना पेन्शन नाही, आणि घरी बसले तर डायपर कुठून आणू? तुम्ही कसं निभावलंत, लिहा.

रानजाई
रेशनकार्ड वेगळं नाही केलं? आमच्याकडे सर्रास करतात. कागदावर म्हातारी वेगळी, चूल एकच.

अबोली
ह्यांना पटेना. "लोक म्हणतील आईला वेगळं काढलं."

चहाटळ
लोक डायपर आणून देणार होते का 😀

बोरिवली_फास्ट
लोकलमधून लिहितोय, चुका सांभाळून घ्या. धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी. संजय गांधी निराधार योजनेला दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार, तीही माझ्या पगाराने ओलांडते. पण नोकरदारांनो, 80डीडी, म्हणजे दिव्यांग नातेवाइकाला सांभाळतो म्हणून आयकरात मिळणारी वजावट, सोडू नका. 75 हजारांची वजावट, अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. फक्त जुन्या करप्रणालीत हां. आमच्या एचआरला मीच समजावलं. भावासारख्यांसाठीचा निरामय हा सरकारी आरोग्य विमाही काढा, लाखापर्यंतचा आहे, त्यात थेरपीचेही पैसे निघतात. दादर आलं, बाकी नंतर.

चहाटळ
एचआरला वाढदिवसाच्या केकपलीकडे काही विचारू नये.

थेम्सकाठची
इथे यूकेत भत्ता सांभाळणाऱ्यालाच मिळतो, केअरर्स अलाउन्स. आठवड्याला 35 तास सांभाळायचं आणि कमाई ठरावीक रकमेच्या आत ठेवायची. एप्रिल 2025 मध्ये ती 151 ची 196 पौंड केली. एक पौंड वर गेला की त्या आठवड्याचा अख्खा भत्ता जातो! माझी मैत्रीण नाताळात जादा पाळ्या करायला घाबरते. आधी दिलेले पैसे परत मागतात ना.

अबोली
म्हणजे साहेबाच्या देशातही तीच रड.

मायाक्का
आमच्या आईचं मंजूर झालं, पण अंगठा उठेना. जन्मभर विड्या वळल्या, बोटं गुळगुळीत, रेषाच नाहीत. मशीनवाला पोरगा म्हणे, "आजी, बोट ओलं करा." ओलं केलं, पुसलं, पदराला घासलं. मग डोळा लावला तर मोतीबिंदू. माझी अर्ध्या दिवसाची रजा गेली ते वेगळंच. थांबा, दूध उतू गेलं.

रानजाई
सोलापूर का हो? माझं माहेर अक्कलकोट!

मायाक्का
अगंबाई! हो, सोलापूरच. अक्कलकोटात कुठे?

रानजाई
स्टँडच्या मागे. खासगी निरोप पाठवते.

पाटलीणबाई
माझी जाऊ विधवा आहे, संजय गांधीचे 1500 येतात तिला. लाडकी बहीणचे पण मिळतील का?

बोरिवली_फास्ट
नाही. दुसऱ्या योजनेतून 1500 येत असतील तर तिथे बाद. संजय गांधीत दिव्यांगांचे मात्र ऑक्टोबर 2025 पासून अडीच हजार केलेत.

चहाटळ
अडीच हजारात आमची रात्रीची बाई तीन दिवससुद्धा येत नाही. बाबांना कूस बदलायला मीच उठतो, सकाळी मीटिंगमध्ये पेंगतो. कॅमेरा बंद.

अबोली
अरे, तुझं हे माहीतच नव्हतं. पाठीला जखमा नाहीत ना? सासूबाईंचा एअर बेड पडून आहे, पंप चालू आहे. घेऊन जा.

चहाटळ
खरंच? रविवारी येऊ का?

अबोली
दुपारनंतर ये. सकाळी पाणी येतं.