मदत हवी आहे: द्राक्षांच्या रीफरमध्ये दाराकडचे पॅलेट गरम पोचतात

निफाडहून रॉटरडॅमला थॉमसन द्राक्षं पाठवतो, न्हावा शेवामार्गे, ४० फुटी हाय क्यूब रीफरमध्ये, म्हणजे जास्त उंचीच्या थंड कंटेनरमध्ये. कूलिंग युनिटजवळचा माल उत्तम पोचतो. दाराकडच्या शेवटच्या पॅलेटमध्ये मात्र देठ तपकिरी, मणी सैल आणि पेटीतल्या तापमान नोंदवणाऱ्या लॉगरवर ३ ते ४ अंश. जहाज आफ्रिकेला वळसा घालून जातं, त्यामुळे एवढा फरकही महागात पडतो.

विचारलं जाईलच म्हणून आधी सांगतो. प्रीकूलिंग, म्हणजे चढवण्याआधी माल थंड करणं, पूर्ण होतं; मण्यात सुई घालून बघतो, १ अंशाच्या वर असेल तर पॅलेट चढवत नाही. रीफर मालाचं तापमान फक्त टिकवतो, माल थंड करत नाही, हे ठाऊक आहे. सेटिंग उणे ०.५, बाहेरची हवा घेणारा व्हेंट बंद, माल कमाल उंची दाखवणाऱ्या लाल रेषेच्या खाली, प्रत्येक पेटीत बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइडचा पॅड. दाराचं रबर तपासून घेतलं, युनिटकडे परतणाऱ्या हवेच्या तापमानाच्या रेकॉर्डमध्येही काही दिसत नाही.

माझा संशय तळावर आहे. शेवटचा पॅलेट आणि दार यांच्यामध्ये टी-फ्लोअरची (ज्याच्या खाचांमधून थंड हवा वाहते त्या तळाची) वीतभर पट्टी उघडी राहते. थंड हवा पेट्यांमधून न जाता तिथूनच वर निसटत असावी.

ही पट्टी जाड पुठ्ठ्याने झाकून कोणाला फरक पडला आहे का? पुठ्ठा नुसता आडवा पसरायचा, की पॅलेटच्या अंगाला उभा दुमडून चिकटवायचा? ओलाव्याने तो मऊ पडतो आणि आयएसपीएम-१५ च्या (लाकडी पॅकिंग कीडमुक्त करण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमाच्या) शिक्क्याविना लाकूड चालत नाही. मग तिथे नेमकं काय वापरता?