लेखन आणि प्रसिद्धी ही दोन्ही कामे करताना सीमारेषा कुठे आखावी?

प्रश्न : मुक्त लेखिका, मालवण

नमस्कार. मी मालवणात राहून मुक्त लेखन करते. मुंबई-पुण्याच्या दैनिकांच्या पुरवण्यांसाठी पर्यटन, खाद्यपदार्थ, दशावतार अशा विषयांवर लिहिते. त्याशिवाय तारकर्ली-देवबाग पट्ट्यातील काही घरगुती निवासांसाठी आणि देवगडकडील काही आंबा बागायतदारांसाठी माहितीपत्रके, समाजमाध्यमांवरील मजकूर आणि प्रसिद्धीपत्रके तयार करून देते. घर चालते ते या दुसऱ्या कामावर. मात्र ते काम मिळते पुरवणीत नाव छापून येते म्हणून, आणि अडचणही तिथेच आहे. ज्यांची प्रसिद्धी मी सांभाळते, त्यांना आपल्यावर पुरवणीत लेख यायलाच हवा असे वाटते. एका निवासमालकांनी तर ठरलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम लेख छापून आल्यावर देऊ, असे कळवले आहे. ते माझ्या आत्याच्या सासरकडचे असल्यामुळे कडक शब्दांत बोलताही येत नाही. (बागायतदारांपैकी एक जण दर वर्षी मानधनाच्या जागी हापूसची पेटी पाठवतात. आंबा उत्तम असतो, पण वीजबिल त्याने भरता येत नाही.) ज्यांच्याकडून मानधन घेते त्यांच्याविषयी वृत्तपत्रात लिहावे का, आणि पैशांचा व्यवहार नात्यागोत्यात कसा बोलून घ्यावा, यावर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : पुरवणीचे माजी उपसंपादक, रत्नागिरी

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : लिहू नये. लिहायचेच असेल, तर संपादकांना आधी लेखी कळवावे आणि प्रसिद्ध करायचे की नाही, कोणत्या स्वरूपात करायचे, हे त्यांच्यावर सोडावे. बातमी आणि जाहिरात वाचकाला वेगवेगळी ओळखता आली पाहिजे, हे भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेतच आहे. समाजमाध्यमांवर पैसे घेऊन लिहिणाऱ्यांनी तो संबंध उघड करावा, अशी मार्गदर्शक तत्त्वे भारतीय जाहिरात मानक परिषदेनेही 2021 मध्ये आणली आहेत. नियम बाजूला ठेवले तरी आपल्या भागात ही गोष्ट लपून राहत नाही. तुम्ही कोणाचे काम करता, हे बाजारपेठेत सर्वांना ठाऊक असते आणि आज ना उद्या ते संपादकांच्या कानावर जातेच.

निवासमालकांना मात्र हे नीतीच्या भाषेत सांगू नका, व्यवहाराच्या भाषेत सांगा. पुरवणीतील जागा तुमच्या मालकीची नाही, म्हणून ती तुम्ही विकू शकत नाही. तुम्ही विकता ते तुमचे काम : नेमका मजकूर, नीट निवडलेली छायाचित्रे, योग्य वार्ताहरापर्यंत योग्य वेळी पोहोचलेले प्रसिद्धीपत्रक. ते छापायचे की केराच्या टोपलीत टाकायचे, हे ठरवणारा माणूस वेगळा असतो. मी स्वतः त्या टेबलावर बसून असंख्य पत्रके टोपलीत टाकली आहेत. त्यांपैकी बहुतेकांत ‘निसर्गरम्य परिसर’ आणि ‘घरगुती चव’ यांपलीकडे काहीही नसे. याउलट वाशीच्या बाजारात हंगामातील हापूसची पहिली पेटी पोहोचली, ही बातमी दर वर्षी छापली जाते, कारण तीत तारीख, बाग आणि भाव असतो. तुमच्या पत्रकात अशी एक तरी ठोस गोष्ट असू द्या.

आणखी एक. मालक म्हणतील तसे लिहू नका. पावसाळ्यात सागरी जलक्रीडा बंद असतात, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही बंद असतात. तरीही ‘बारमाही स्कूबा’ असे लिहून देण्याचा आग्रह धरणारे भेटतात. जुलैमध्ये येऊन फसलेला पर्यटक आधी मालकाला बोल लावतो आणि मग मजकूर लिहिणाऱ्याला.

उत्तर : मुक्त लेखक, दापोली

वरील मताशी सहमत आहे, म्हणून फक्त कागदपत्रांविषयी लिहितो. काम घेण्यापूर्वी एक पानाचे पत्र करा : काय देणार, किती वेळा फेरफार करून देणार, आगाऊ रक्कम किती, उरलेली कधी. त्यात ‘मजकूर सुपूर्द केल्यावर’ असे स्पष्ट लिहा. ‘प्रसिद्ध झाल्यावर’ हे शब्द कुठेही येऊ देऊ नका. नात्यातल्या माणसालाही असे पत्र देणे अवघड नाही, सर्वांना सारखेच देते असे सांगितले की पुरते.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंदणी, विनाशुल्क होते. ती काम स्वीकारण्यापूर्वी केलेली बरी. सूक्ष्म व लघु उद्योगांची देयके लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यावीत, असे 2006 चा कायदा सांगतो. विलंब झाल्यास चक्रवाढ व्याजाचीही तरतूद आहे. अर्थात देवबागच्या चार खोल्यांच्या निवासावर याचा धाक फारसा चालणार नाही. मुंबईच्या जाहिरात संस्थेवर चालतो.

स्वामित्वहक्काकडेही लक्ष द्या. तुम्ही कोणाच्या नोकरीत नसाल, तर 1957 च्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे लेखाचा पहिला हक्क तुमचाच असतो आणि सही असलेल्या लेखी पत्राशिवाय तो हस्तांतरित होत नाही. पत्रात मुदत लिहिलेली नसेल, तर ती 5 वर्षे धरली जाते. माझी माहितीपत्रके एका विक्रेत्याने दुसऱ्याच बागेच्या नावाने वापरली, तेव्हा हा मुद्दा माझ्या उपयोगी पडला.

उत्तर : निवासमालक, देवबाग

मी समोरच्या बाजूचा माणूस आहे. आम्ही लेखाचा हट्ट धरतो, कारण छापलेला लेख हातात धरता येतो; बाकी कामाचे काय झाले ते आम्हाला दिसतच नाही. महिन्याअखेरीस किती दूरध्वनी आले, ते करणाऱ्यांनी आमच्याविषयी कुठे वाचले आणि खोल्यांच्या किती नोंदी झाल्या, एवढे एका कागदावर दिलेत तर बहुतेकांचा आग्रह आपोआप कमी होईल. दुसरे असे की आमच्याकडे पैसा दिवाळीपासून मे अखेरपर्यंत येतो. जून ते गणपती हात आखडलेला असतो. वर्षभराचे मानधन हंगामातल्या हप्त्यांत मागितलेत, तर वसुलीसाठी फेऱ्या माराव्या लागणार नाहीत. आणि ती हापूसची पेटी घ्या, पण देयकातून वजा करू नका.

प्रतिसाद : मुक्त लेखिका, मालवण

सर्वांची आभारी आहे. निम्मी रक्कम अडवून ठेवणाऱ्या निवासमालकांना उद्याच पत्र देते आणि पुढच्या महिन्यापासून नोंदींचा कागदही सुरू करते. एक उपप्रश्न : एका बागायतदारांची बाग देवगडात आहे, पण मागणी वाढली की ते कर्नाटकातून आलेला आंबाही त्याच नावाने पाठवतात. त्यांचे माहितीपत्रक करावे का?

उत्तर : पुरवणीचे माजी उपसंपादक, रत्नागिरी

करू नये. कोकणातील हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे ते नाव ठरावीक प्रदेशातील आंब्यालाच लावता येते, आणि खोटे मानांकन लावणे हा 1999 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. इतरांचे काम घेतानाही या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाल्याचे प्रमाणपत्र आधी मागून घ्या आणि त्याची प्रत तुमच्या धारिकेत ठेवा.