टँकचं पाणी दुधाळ झालंय, आठवडा होत आला, काय करू?

ऐरोलीची गप्पी:
नमस्कार सगळ्यांना. फेब्रुवारीत दोन फुटी फिश टँक लावला, साधारण ७० लिटरचा, खाली ॲक्वा सॉइल म्हणजे पाणझाडांसाठीची माती, झाडं म्हणजे व्हॅलिसनेरिया, तीन क्रिप्टो (क्रिप्टोकोरीन), लाकडाला बांधलेलं अनुबियास आणि थोडं मॉस. मासे १२ निऑन टेट्रा आणि ४ कोरी (कोरिडोरास). पाच महिने पाणी इतकं नितळ की मासे हवेत तरंगतायत असं वाटायचं. गेल्या रविवारी मोठी साफसफाई काढली, अर्ध्याहून जास्त पाणी बदललं, दोन क्रिप्टो उपटून मागे लावले आणि फिल्टरचा स्पंज पार काळा झाला होता म्हणून नळाखाली धरून स्वच्छ पाणी येईपर्यंत पिळला, सिरॅमिक रिंग्सपण घासल्या. मंगळवारी पाणी जरा धुरकट वाटलं आणि बुधवारी सकाळी बघते तर मागची काळी शीटच दिसेना, पातळ ताकासारखं पांढुरकं पाणी. परत ४० टक्के बदललं तर संध्याकाळपर्यंत होतं तसं. सकाळी लाइट लागायच्या आधी टेट्रा वर येऊन तोंड उघडझाप करत असतात, बघवत नाही.
पावसाळ्यात नळाला गढूळ येतं म्हणून तेच असेल असं वाटलं. सासूबाई म्हणतात तुरटी फिरव, त्यांच्याकडे गावी हंड्यात फिरवायचे. फिरवू का? दुकानदाराने पाणी स्वच्छ करायची बाटलीपण दिलीये, अजून उघडली नाही. मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी मासे मोजते, प्लीज लवकर सांगा.

कोलशेतचा पाणकावळा:
ताई आधी तुरटी आणि बाटली दोन्ही लांब ठेवा. आणि एक करून बघा, काचेच्या ग्लासात टँकचं पाणी घ्या, मागे पांढरा कागद धरा आणि रात्रभर तसाच ठेवून द्या. सकाळी तळाला गाळ बसून वर नितळ झालं तर माती किंवा सॉइलची धूळ. हिरवट दिसलं तर शेवाळ. पिवळसर पण आरपार दिसत असेल तर लाकडाचा रंग उतरतोय, त्याने काही बिघडत नाही. आणि सकाळीही तसंच पांढुरकं राहिलं तर बॅक्टेरिया. तुमच्या वर्णनावरून मला शेवटचंच वाटतंय.
होतं काय की माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, त्याचा नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया त्या काळ्या स्पंजमध्ये आणि रिंग्सवर चिकटून राहतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जंतू मारायलाच घातलेलं असतं, त्याने तेही मेले आणि उरलेले तुम्ही घासून काढले. त्यात क्रिप्टो उपटले म्हणजे सॉइलमध्ये अडकलेली घाण वर आली. आता कुजकं खाणारे दुसरे बॅक्टेरिया पाण्यातच वाढतायत, ते तासाभरात दुप्पट होतात आणि फिल्टरवाल्यांना दुप्पट व्हायला जवळपास एक दिवस लागतो. म्हणून पाणी बदललं तरी संध्याकाळी परत पांढरं. ते ऑक्सिजनही ओढतात आणि रात्री झाडंही ऑक्सिजनच घेतात, त्यामुळे पहाटे मासे वर येतात. आज रात्रीपासून एअर पंप लावा, हे सगळ्यात आधी. खाणं तीन दिवस पूर्ण बंद, टेट्रा उपाशी मरत नाहीत, आणि कुजलेली पानं दिसतील तेवढी काढा. अमोनिया आणि नायट्राइटची टेस्ट किट असेल तर आकडे टाका.

ऐरोलीची गप्पी:
ग्लास ठेवला होता, सकाळीही तसाच पांढुरका, तळाला काही नाही. कालच किट आणली, अमोनिया १ पीपीएमच्या आसपास, नायट्राइट ०.५, पीएच ६.६. एअर पंप लावल्यावर आज सकाळी मासे खाली होते! पण एक टेट्रा गेला 😔

तलावपाळी:
मी तर म्हणतो यूव्ही लाइट लावा, माझं पाणी दोन दिवसात काचेसारखं झालं होतं.

कोलशेतचा पाणकावळा:
@तलावपाळी तुमचं हिरवं होतं का? हिरव्याला यूव्ही उत्तम, मीही वापरलाय. घोडबंदरला राहायचो तेव्हा पूर्वेच्या खिडकीचं ऊन दोन तास टँकवर यायचं आणि पाणी मुगाच्या सालासारखं झालेलं, जुन्या चादरीने टँक चार दिवस झाकून ठेवला, एअर चालू ठेवला, मग सुटलं. इथे यूव्हीने पाण्यातले बॅक्टेरिया मरतील आणि दिसायला स्वच्छ होईल पण अमोनिया तिथेच राहणार, मासे स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात मरतील.
@ऐरोलीची गप्पी अमोनिया १ म्हणजे हलक्यात घेऊ नका, पण पीएच ७ च्या खाली आहे म्हणून त्यातला बराचसा कमी विषारी रूपात आहे, म्हणूनच बाकीचे टिकलेत. तुरटीला नाही म्हणालो तेही पीएचमुळेच. तुरटी मातीचे कण एकत्र आणून खाली बसवते, हंड्यात त्याचा उपयोग आहे, सासूबाईंचं चूक नाही. पण ती पाण्यातले पीएच स्थिर ठेवणारे क्षार खाते, मऊ म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यात पीएच एकदम कोसळू शकतो आणि माशांना तो झटका सहन होत नाही.

नेरूळचा शिंपला:
पाणी बदलायचंच आहे, अमोनियासाठी, पण रोज २५ टक्केच आणि क्लोरीन काढून. आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं, पावसाळ्यात कधीकधी क्लोरीनचा वास बादलीतूनच येतो. मी दुकानातलं हायपो, म्हणजे क्लोरीन काढायचे खडे, पाकिटावर लिहिलंय तेवढंच घालते, नाहीतर आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवते.
आणि ताई माझा तीन वर्षं चालू असलेला टँक आहे, त्यातला एक जुना स्पंज तुम्हाला देऊ का? टँकच्याच पाण्यात पिशवीत घालून देईन. चांगल्या स्पंजचा वास मातीसारखा येतो, पहिला पाऊस पडल्यावर येतो ना तसा, नासक्या अंड्यासारखा आला तर तो घ्यायचाच नाही. माझ्याकडे गेल्या वर्षभरात आजार नाही पण छोट्या गोगलगायी आहेत, एखाद दुसरी सोबत येईल हे आधीच सांगते. सोमवारी ठाणे लोकलने जातेय, ऐरोली स्टेशनला उतरून देईन.

ऐरोलीची गप्पी:
ताई चालेल काय, धावत येते! गोगलगायी आल्या तर येऊ देत.

ऐरोलीची गप्पी:
अपडेट. सोमवारी स्पंज मिळाला, पिशवी उघडली तर खरंच ओल्या मातीचा वास. आमच्या फिल्टरमध्ये जुन्याच्या शेजारीच बसवला, रोज २५ टक्के पाणी बदललं, खाणं चौथ्या दिवशी अगदी चिमूटभर. गुरुवारी अमोनिया ०.२५, काल शून्य, नायट्राइट अजून थोडासा दाखवतोय. काळी शीट आधी वरून दिसायला लागली मग हळूहळू खालपर्यंत. मुलीने मोजलं, ११ टेट्रा, ४ कोरी आणि २ गोगलगायी, त्यांना नावंही ठेवून झाली. क्रिप्टोची पानं मात्र वितळतायत. आणि स्पंज आता परत कधी धुवू?

नेरूळचा शिंपला:
क्रिप्टो जागा बदलली की वितळतातच, मुळं हलवू नका, नवीन पानं येतील, वितळलेली तेवढी कापून घ्या. स्पंज काळा दिसला म्हणून धुवायचा नाही, फिल्टरची धार मंद झाली की मगच, टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा दाबून. नायट्राइट शून्य होईपर्यंत माझा स्पंज राहू दे तिथेच.