मदत हवी आहे: ९६ पर्सेंटाइलवर पुण्याची आशा धरावी का?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकच्या सिडकोतले. मुलीला एमएचटी-सीईटीत (इंजिनिअरिंगची राज्य प्रवेश परीक्षा) ९६.४ पर्सेंटाइल, ओपन. कॉम्प्युटरच हवंय तिला. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय ही सरकारी कॉलेजं हाताबाहेर आहेत हे कळतंय, पण पुण्यातल्याच पीआयसीटी या खासगी कॉलेजचं काय? नाशिक पुणे विद्यापीठातच येतं, म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या (त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठीच्या) जागा धरता येतील ना?

एक समुपदेशक 'नक्की मिळेल' म्हणाले आणि लगेच स्वतःच्या फीचा आकडा सांगितला!

मागच्या वर्षीचे कटऑफ बघताना प्रवेशाची कोणती फेरी धरायची? पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम लागला तर तो घ्यावाच लागतो, त्यामुळे वर कोणतं नाव लिहायचं यावरून घरात रोज वाद. पुण्यात आयटी, की इथेच नाशिकला के. के. वाघ कॉलेजात कॉम्प्युटर? ज्यांची मुलं नुकतीच यातून गेलीत, त्यांनी प्लीज सांगा.