शेती करून माणूस फसला का? आमच्या वाचनकट्ट्यावर अर्धवट राहिलेला वाद

पाचपाखाडीकर:
ठाण्यात आमचा छोटा वाचनकट्टा आहे, दर दोन आठवड्यांनी रविवारी तलावपाळीजवळ एकाच्या घरी जमतो आणि गेले तीन महिने अख्ख्या मानवजातीच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक वाचतोय. परवा शेतीचा चॅप्टर आला आणि दोन तास नुसती भांडणं. लेखकाचं म्हणणं असं की शेती आल्यावर माणसाचं आयुष्य सुधारलं नाही, बिघडलं, माणूस गव्हाचा गुलाम झाला. मला हे पूर्ण पटलंय आणि का पटलंय ते इथे नीट लिहितो कारण तिथे कोणी बोलूच दिलं नाही.

साधारण 11 हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस गहू-जव पेरायला लागला. त्यानंतरचे बऱ्याच ठिकाणचे सांगाडे बघितले तर उंची कमी झालेली, दात किडलेले, हाडांवर कुपोषणाच्या खुणा. आधी पन्नास प्रकारची कंदमुळं, फळं, मासे, शिकार खाणारा माणूस एकदोन धान्यांवर आला, म्हणजे पाऊस चुकला की उपास. जॅरेड डायमंड या अमेरिकन लेखक-संशोधकाने 1987 मध्येच शेतीला मानवजातीची सगळ्यात मोठी चूक म्हटलं होतं. आणि 1960 च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्या सान लोकांबरोबर राहिले तेव्हा त्यांना दिसलं की माणसं आठवड्यातून दोन-तीन दिवसच अन्न गोळा करायला जातात. मग परत का फिरलो नाही? कारण एका जागी राहिल्यावर पोरं लवकर लवकर व्हायला लागली, तोंडं वाढली आणि तेवढी तोंडं रानावर भागेनात. आत जायला दार होतं, बाहेर यायला नव्हतं. माझ्या मते तरी ही फसगतच.

घणसोलीची सून:
दादा, तुमचं सगळं वाचलं आणि राग आला, खरंच सांगते. माझं सासर आगरी, माहेरही आगरी. आमच्या आजेसासऱ्यांची खाडीलगत भातशेती होती, खारं पाणी अडवायला मातीचा बांध, त्याला पाणी सोडायची दारं म्हणजे उघाडी, आणि उधाणाला बांध फुटला की अख्खं गाव रात्रीबेरात्री धावायचं, ज्याची जमीन नाही तो पण. त्याच बांधाच्या कडेला निवट्या, कोलंबी, चिंबोऱ्या मिळायच्या. म्हणजे "आधी शिकार मग शेती" अशी दोन खोकी आमच्याकडे नव्हतीच, एकाच दिवसात सकाळी लावणी आणि ओहोटीला मासे. एक धान्य खाऊन मेलो असं कुठे झालं?

आणि फसगत कोणी केली ते बघा ना. अलिबागजवळ चरीला 1933 साली शेतकऱ्यांनी संप केला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने, पंचवीसेक गावांतला, जमिनी ओसाड ठेवल्या पण खोतासाठी भात पिकवणार नाही म्हणाले, आणि ते सहा वर्षं टिकले. लोकांनी जंगलातली लाकडं तोडून विकली, हाल काढले. त्यांचा राग भातावर होता का? खोतावर होता! पीक वाईट नव्हतं, पिकलेलं कोण उचलून नेतो ते वाईट होतं. तुमचा लेखक ह्या दोन गोष्टी एकत्र करतो. नंतर नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या तेव्हा जमिनीच्या भावासाठी जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसांनी जीव दिला. चूक समजून सोडून द्यायच्या गोष्टीसाठी कोणी गोळ्या झेलत नाही.

माजिवड्याची मेट्रन:
मी हॉस्पिटलमध्ये लहान मुलांच्या वॉर्डात तीस वर्षं काढली म्हणून मला वेगळं दिसतं. दोन-तीन दिवस काम हा आकडा अर्धा आहे. ली यांनी स्वतःच वेगळं मोजलं होतं, दाणे फोडणं, स्वयंपाक, हत्यारं बनवणं, पाणी-लाकूड धरलं की आठवड्याला चाळीस तासांच्या आसपास जातो. बायकांचं काम मोजायचं राहिलं की कुठलाही समाज आरामात दिसतो. आणि शिकारी समाजांचे जेवढे अभ्यास झालेत त्यात दहातली चारेक मुलं पंधरा वर्षांची व्हायच्या आत जातात. ज्या बाईची चार पोरं गेली तिला विचारा सुख कुठे होतं.

पाचपाखाडीकर:
@मेट्रन ताई, तासांचा मुद्दा मान्य, मी अर्धंच वाचलं होतं. पण बालमृत्यूचा मान्य नाही. शेती करणाऱ्यांचीही मुलं तितकीच जायची, दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत जगात कुठेही जवळपास निम्मी. वाचायला लागली ती लसीमुळे, स्वच्छ पाण्यामुळे, शेतीमुळे नाही. गोवर तर गुरांच्या सोबतीनेच माणसात आला असं मानतात, आणि पसरायला दाट वस्ती लागतेच.

@घणसोली, वहिनी, खोताचं तुमचं बरोबर आहे, पण खोत येतोच कुठून? साठवता येणारं धान्य असल्याशिवाय खोत होत नाही. मासळी नि कंदमुळं कोण कोठारात भरून ठेवणार.

येऊरचा पायवाट्या:
इनामगाव कोणालाच कसं आठवलं नाही? सगळे पश्चिम आशिया नि कलहारी करताय. पुण्याच्या पूर्वेला शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी, डेक्कन कॉलेजने 1968 पासून वर्षानुवर्षं खणलं, इ.स.पू. 1600 ते 700 च्या दरम्यानची शेतकऱ्यांची वस्ती. जव पिकवायचे, पाण्यासाठी पाट आणि बांध घातलेला. मधल्या काळात चांगली चौकोनी घरं, नंतर हवा कोरडी होत गेली तशी शेती बसली आणि गोल छोट्या झोपड्या आल्या, शिकार नि गुरांवर भर आला. म्हणजे पाचपाखाडीकर, तुमचं ते "बाहेर यायला दार नव्हतं" चूक, लोक परत फिरले होते. फक्त तो काळ गरिबीचा होता, खोदणाऱ्या ढवळीकरांनीही असाच वाचलाय. लहान मुलांना मडक्यात घालून घराच्याच जमिनीखाली पुरायचे ते लोक, दोन मडकी तोंडाला तोंड लावून. ज्यांना मेलेलं पोर घराबाहेर ठेववत नव्हतं त्यांना आपण गव्हाचे गुलाम म्हणणार?

पाचपाखाडीकर:
इनामगाव मी वाचलंय आणि ते माझ्याच बाजूने जातं. तिथे एकच पाच खोल्यांचं घर सापडलं आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार. इतक्या लहान गावात, तीन हजार वर्षांपूर्वी, कोठाराजवळ मोठं घर कोणाचं हे सांगायला लागतं का. मडक्यांचं मात्र मनाला लागलं. गुलाम हा शब्द मागे घेतो, फसगत नाही घेत.

घणसोलीची सून:
कोठाराशेजारी घर म्हणजे लुटारूच कशावरून? दुष्काळाच्या वर्षी गावाला वाटायला पण साठवण लागते. आमच्याकडे बियाण्याचं भात कणगीत वेगळं ठेवायचे, कितीही भूक लागली तरी हात लावायचा नाही, आणि शेजारी मागायला आला तर नाही म्हणायचं नाही.

येऊरचा पायवाट्या:
हे वहिनींनी म्हटलेलं सांगाड्यांत दिसणार नाही आणि पुस्तकात तर नाहीच. बाकी रानातली माणसं सुखी म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्याच जिल्ह्यातल्या कातकऱ्यांकडे बघावं. खैराचा कात काढणारे लोक, जंगल बंद झालं नि आता दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर, आधी घेतलेली उचल फेडायला. त्यांची दोन गुंठे तरी जमीन नावावर व्हावी म्हणून किती धडपड चालू असते. शेती ही फसगत असं त्यांना जाऊन सांगून बघा.

माजिवड्याची मेट्रन:
ह्या रविवारी हाच चॅप्टर परत घेऊ. वहिनी, तुम्ही कट्ट्यावर याल का?

घणसोलीची सून:
येईन. आजेसासू ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना आणते, लावणी त्यांनी केलीय मी नाही. फक्त जिना नको, खालच्या मजल्यावर बसू.

पाचपाखाडीकर:
तळमजला बघतो. त्यांना पहिला प्रश्न मीच विचारणार, बांध फुटला त्या वर्षी काय खाल्लं.