मदत हवी आहे: बीएस्सी नर्सिंग संपत आलं. बाँडची नोकरी घेऊ की मनोरुग्ण परिचर्येकडे वळू?

नमस्कार,

मी कळव्याची. नवी मुंबईतल्या एका कॉलेजात बीएस्सी नर्सिंगच्या आठव्या सेमिस्टरला आहे, सध्या इंटर्नशिप चालू आहे. विद्यापीठ म्हणजे अर्थात नाशिकचं, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. निर्णय लवकर कळवायचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. वॉर्डात काम केलेल्या ताई-दादांनी वेळ काढून वाचावं ही विनंती.

एका मोठ्या खाजगी रुग्णालयाने कॅम्पसमधून माझी निवड केली आहे. दोन वर्षांचा बाँड आहे (म्हणजे तेवढा काळ नोकरी सोडायची नाही, सोडली तर पैसे भरायचे), मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे जमा करायची आणि बहुतेक आयसीयूत टाकतील असं बोलण्यावरून वाटलं. घरी सगळे खूश आहेत. बाबा रबाळ्याला कंपनीत आहेत, धाकटा भाऊ यंदा बारावीला, त्यामुळे माझा पगार सुरू झाला तर घराला खरंच आधार होईल. हे मी हलक्यात घेत नाही.

पण माझं मन ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात अडकलंय. १९०१ पासूनचं रुग्णालय आहे ते. आमच्या नव्या अभ्यासक्रमात मानसिक आरोग्य परिचर्या पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरला येते, तेव्हा तिथे पोस्टिंग होती. जाण्याआधी वर्गातल्या बऱ्याच जणी घाबरल्या होत्या. मला मात्र तिथे पहिल्यांदा वाटलं की नर्सिंग म्हणजे हे. बाकी वॉर्डात वायटल्स (नाडी, ताप, बीपी) घेतले, चार्ट भरला, औषधं दिली, की पुढचा बेड. इथे मॉनिटर नसतो. कोण जेवत नाही, कोण गोळी गालात धरून ठेवतं, कोण आज आपणहून वेणी घालायला बसली, हे सिस्टरच्या नजरेलाच टिपावं लागतं. आम्हाला प्रोसेस रेकॉर्डिंग लिहायला लावायचे: रुग्ण काय म्हणाली, मी काय म्हणाले, मी तसं का म्हणाले, त्यामागे माझ्या मनात काय होतं. पुष्कळ जणींना ते लिखाण कटकटीचं वाटायचं. मला त्यातूनच कळलं की गप्प बसून ऐकणं हेही शिकावं लागतं. बऱ्या झालेल्या पण घरून कोणी न्यायला न आलेल्या बायका तिथे पाहिल्या, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जातच नाही.

नातेवाइकांना सांगितलं की "वेड्यांच्या इस्पितळात कशाला जातेस?" हेच ऐकायला मिळतं. याचा मला मनापासून राग येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला, एकट्याला कोंडून ठेवायला बंदी केली. ती वॉर्डात रोज पाळायची कोणी, तर नर्सनेच ना?

तर विचारायचं असं, की दोन वर्षं आयसीयू केल्यावर मानसोपचाराकडे येता येतं, की माणूस तिकडेच रुळतो? नाइट ड्युट्या करून नॉरसेटचा (एम्स रुग्णालयांतल्या नर्स भरतीच्या परीक्षेचा) अभ्यास कोणी केलाय का? आणि बाँडच्या कागदात नक्की काय बघायचं? (जर्मनीत नोकरीसाठी बी-टू पातळीपर्यंत जर्मन भाषा शिक असंही एक जण सांगतोय, पण आईबाबांना सोडून एवढ्या लांब जायचं नाही. तो विषय नको.)

प्रतिसाद: निवृत्त परिसेविका

अगं, आधी रजिस्ट्रेशन. निकाल लागला की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं काम पहिलं कर. त्याशिवाय सरकारी नोकरीचा अर्ज पुढे सरकत नाही. मैत्रिणी थांबल्यात म्हणून तू थांबू नकोस.

बाँडचं स्पष्ट सांगते. मूळ प्रमाणपत्रं देऊ नकोस. पडताळणीला दाखव आणि परत घे, साक्षांकित प्रती दे. उद्या परीक्षा पास झालीस तर कागदपत्रं तपासताना मूळ प्रतीच मागतात, त्या वेळी कुणाच्या कपाटाची किल्ली शोधत बसणार? बाँड मोडला तर किती रक्कम, ती महिन्यागणिक कमी होते का, प्रशिक्षणाचा काळ दोन वर्षांत धरतात का, हे लेखी घे. पगाराची बोलणी करताना जगदीश प्रसाद समितीचं नाव माहीत असू दे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या या समितीने २०१६ मध्ये म्हटलं होतं की दोनशेहून जास्त खाटांच्या खाजगी रुग्णालयात नर्सचा पगार सरकारी नर्सइतका असावा. ती शिफारस आहे, कायदा नाही. तरी आपली किंमत आपल्याला ठाऊक असावी.

आणि आयसीयूला नाक मुरडू नकोस. मनोरुग्णालाही झटका येतो, साखर उतरते, लिथियम या औषधाचं प्रमाण वाढून विषबाधा होते. तिथे हात तयार असलेली सिस्टर लागते.

प्रतिसाद: नॉरसेटवाला दादा

ड्युटी करून अभ्यास होतो, मी केलाय. पण नाइटवरून आल्यावर पुस्तक उघडू नकोस, झोप. सुट्टीच्या आणि सेकंड (दुपारच्या) ड्युटीच्या दिवशीच्या सकाळी धर. पूर्वपरीक्षेला १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. मुख्य परीक्षेत प्रसंग देऊन विचारतात, तिथे वॉर्डात डोळे उघडे ठेवलेल्यांचा फायदा होतो. अलीकडे वर्षातून दोनदा होते, त्यामुळे एक संधी हुकली तर जग बुडत नाही. बीएस्सीवाल्यांना अनुभवाची अटही नाही, ती जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांसाठी आहे. निवड झाली तर मूळ वेतन ४४,९०० पासून. फक्त नेमणूक कुठल्या एम्समध्ये मिळेल ते तुझ्या हातात नाही. आईबाबांना सोडायचं नाही म्हणतेस, तर हे आधी घरी बोलून घे.

मानसोपचारात पुढे शिकायचं असेल तर एम.एस्सी.ला पदवीनंतर एक वर्षाचा अनुभव आणि ५५ टक्के लागतात. म्हणजे कुठेतरी नोकरी करावीच लागणार आहे. ती अशा ठिकाणी कर जिथे मानसोपचाराचा वॉर्ड आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मूळ प्रमाणपत्रांबद्दल उद्याच मेल करते. त्या रुग्णालयात मानसोपचाराचा वॉर्ड आहे का हे मी विचारलंच नव्हतं, तेही विचारेन. असेल तर सहा महिन्यांनी तिकडे बदली देण्याचं लेखी मागेन. नाही म्हणाले तर ठाणे-नवी मुंबईतली वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं बघेन, तिथे तो विभाग असतोच. पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल, बाबांशी आज रात्री बोलते.

अजून एक. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत मनोरुग्ण परिचर्येचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो. इथून जाऊन तो केलेलं कोणी आहे का? राहण्याखाण्याचा खर्च आणि परत आल्यावर इकडे काम कसं मिळालं, एवढं सांगितलंत तरी खूप मदत होईल.